रिकाम्या झोळीचा झोका

दुपारी चारला माझ्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती. पुण्याहून रुचिरा मॅडम, माझ्या गाइड, आणि परीक्षक लॅपटॉपवर येणार होते. पावस गावातल्या आमच्या घरात रेंज येते ती फक्त पडवीत. म्हणून माझ्या तान्ह्या लेकीची, मैनाची, झोळी माजघरातून सोडवून मी पडवीच्या वाशाला बांधली. बोलता बोलता पायाने झोका देता आला असता.

गाठ ओढून बघितली. पक्की. मग तशीच रिकामी झुलवली.

"अगो, हलवू नको!" सासूबाई मैनाला कडेवर घेऊन धावतच आल्या. "रिकामी झोळी कुणी हलवतं काय? पोराच्या अंगाशी येतं."

"गाठ बघत होते, आई."

"गाठ बघायची ती वजन घालून. बारशाला पाळण्यात आधी काय घातलं होतं? वरवंटा की मैना?"

"वरवंटा."

"मग? माझी सून गुरुत्वाकर्षणावर मोठी परीक्षा देते म्हणून वाडीभर सांगत फिरते मी!"

मी हसत हसत वरवंटा आणून झोळीत ठेवला. हलके झोके दिले, काही झालं नाही. जरा जोरात दिला, तशी गाठ सरकली आणि वरवंटा धप्पकन खाली आला. कोब्याच्या जमिनीचा टवका उडाला. मैना दचकून रडू लागली. सासूबाईंनी तिला छातीशी धरलं आणि आत नेलं.

गाठ पुन्हा बांधली आणि वरवंटा घालून जोरजोरात झुलवून बघितली. आणि तेवढ्यात दुसरी भीती आली, माझ्या गणिताची.

गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाशाचं वाकणं, असं आपण ऐकलेलं असतं. माझ्या सिद्धांतात अवकाश वाकतं तसं पिळलंही जातं, आणि त्या पिळाला स्वतःची कंपनं असतात. पुंजभौतिकीच्या, म्हणजे क्वांटमच्या, नियमांत गुरुत्वाकर्षण बसवायचं, तर त्यातलं एक कंपन कायम झोपलेलं राहायला हवं. त्याची ऊर्जा ऋण असते. ते जागं झालं, तर पोकळीतून कण उसळत राहतील, थांबणारच नाहीत. असं जग क्षणभरही टिकणार नाही. म्हणजे सिद्धांतच खोटा. ते झोपलेलं आहे, हे मी सिद्ध केलं होतं. माझी सगळी वर्षं त्यातच गेली होती.

पण सिद्ध केलं होतं रिकाम्या, सपाट अवकाशात.

लॅपटॉप उघडला. त्याच गणितात सपाटीऐवजी किंचित वाकलेलं अवकाश घातलं. म्हणजे झोळीत थोडंसंच वजन घालावं तसं. कंपन झोपलेलं असेल तर जिथे शून्य यायला हवं होतं, तिथे शून्य आलं नाही. अवकाश अजून कमी वाकवून बघितलं. आकडा लहान झाला, पण गेला नाही. मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ते जागं होतंय."

"प्रोग्रामची चूक असेल, दीपाली. आज ठरलंय तसं बोल. नंतर निवांत बघू."

"आणि नसली तर?"

"तर तुझा अर्धा प्रबंध पडेल. म्हणूनच सांगते, घाईने काही बोलू नकोस."

चार वाजत आले. सासूबाईंनी मैनाला आणून दिलं. मी झोळीकडे बघितलं. गाठ आता वरवंट्यासकट तपासलेली होती, तरी मला मैनाला आत ठेववेना. मांडीवरच घेतलं. तिच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास येत होता. ती दोनदा हुंकारली आणि झोपली.

पडद्यावर चेहरे आले. मॅडमनी मान हलवली, सुरू कर म्हणून.

"सुरुवातीलाच सांगते," मी म्हटलं. "माझा निष्कर्ष फक्त रिकाम्या अवकाशासाठी खरा आहे. आज दुपारी वजन घालून बघितलं. टिकला नाही."

मॅडमनी डोळे मिटले. एक परीक्षक पुढे झुकले. "शून्यापासून कितपत दूर आहे?"

"फार नाही, सर. पण शून्य नाही."

"दाखवा."

मी एका हाताने फाइल उघडली. दुसरा हात मैनाच्या पाठीखाली होता, तो काढायचा मला धीर झाला नाही.