पाणी टाकू नका

माझं नाव दामिनी, पण गावाला मी आशाताईच. आरोग्य खात्याची गावातली बाई. उन्हाळा लागला की वरून पोस्टरं येतात आणि ती चिकटवायचं काम माझं. ‘जागतिक तापमानवाढ : चला, जागरूक होऊ या!’ खाली हसरा सूर्य. आमच्या बाळापूरकडच्या भागात मे महिन्यात सूर्य हसतो म्हणणाऱ्याला एकदा भर दुपारी अनवाणी उभं करायला हवं. समाजमंदिराच्या भिंतीवर मी ते लावलं, तेव्हा पार्वताबाई म्हणाली, “मेला, कसा दात काढून राहिला पाहा!”

पार्वताबाईसकट गावातली साठेक माणसं नाला खोल करायच्या कामावर होती. तेही हवामानबदलाच्याच योजनेतलं काम. वेळ मात्र नऊ ते पाच. तालुक्याच्या साहेबांकडे मी तीन खेपा घातल्या. म्हटलं, सकाळी सहा ते अकरा करा, नाहीतर एखादं माणूस जाईल. साहेब कूलरसमोरून म्हणाले, “ताई, उष्माघाताची एक जरी नोंद झाली तरी वेळ बदलता येते. तुमच्या गावात नोंद किती? शून्य.” वर शून्य राखल्याबद्दल माझं अभिनंदनही केलं.

मग आमच्या शेजारच्या वच्छलाकाकू गेल्या. दुपारी दोनला नाल्यावर टोपलं उचलता उचलता काहीबाही बरळायला लागल्या आणि कोसळल्या. अंग तव्यासारखं तापलेलं. त्यांच्या मुलानं, श्यामनं, मी शिकवलं होतं तसंच सगळं केलं. सावलीत नेलं, लुगडं भिजवलं, डोक्यावर पाणी ओतत राहिला. ऑटोतही ओतत होता. आरोग्य केंद्रात पोचायला तास लागला आणि तोवर काकू संपल्या होत्या. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव. कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद.

मी म्हटलं, “डॉक्टर, ऊनच लागलं ना तिले!”

“मला कळतं हो. पण अंगाचा ताप मोजलेला नसेल, तर उष्माघात लिहिता येत नाही. वर समिती बसलीय, ती विचारते.”

स्मशानातून, मातीवरून आल्यावर कामावरची सगळी माणसं काकूंच्या अंगणात बसली होती. श्यामनं मला विचारलं, “ताई, म्या बराबर केलं ना?”

माझं डोकं तेव्हा भणभणत होतं. राग साहेबांचा होता, डॉक्टरांचा होता, त्या पोस्टरचा होता. निघाला त्या पोरावर. “बराबर कायचं! त्या पाण्यानंच घात केला. पाणी टाकलं नसतं तं कागदावर आलं असतं. आधी मोजाले पायजे होतं!”

श्यामनं मान खाली घातली. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं आई म्हणायची, ते खोटं नव्हतं. तिथंच बसून नीट समजावून सांगायला हवं होतं. पण मी तरातरा उठून घरी आले.

सहाव्या दिवशी दुपारी कामावरच्या कुंदनचा फोन आला. “ताई, पार्वताबाई पडली. लवकर या, मोजाची मशीन आणजा.”

मी स्कूटी कशी हाकली ते माझं मला ठाऊक. तरी वीस मिनिटं गेलीच. बाभळीच्या विरळ सावलीत पार्वताबाईला निजवलं होतं, भोवती सगळे गोल करून उभे. शेजारी पाण्यानं भरलेले दोन ड्रम. आणि तिच्या अंगावर एक थेंब नाही. लुगडं कोरडं ठणठणीत.

“पाणी कावून नाही टाकलं रे?” मी किंचाळले.

“तुमीच तं म्हटलं होतं ना, आधी मोजा,” कुंदन म्हणाला. “आमी कोनाले हात लावू नाही देला. श्याम बालटी घेऊन धावला होता, त्यालेबी धरून ठेवलं.”

श्याम खरंच दोघांच्या हातात होता. रडत होता.

थर्मामीटरवर एकशेसात आलं. मी दोन्ही ड्रम तिच्यावर रिकामे केले, पदरानं वारा घातला, हाका मारल्या. तिनं डोळे उघडले नाहीत. ऑटोत माझ्या मांडीवरच गेली. डॉक्टरांनी आकडा विचारला, मी सांगितला. या वेळी त्यांनी सरळ लिहिलं, उष्माघात.

दुसऱ्याच दिवशी आदेश आला. कामाची वेळ सहा ते अकरा. साहेबांचा फोन आला, “बघा ताई, शासन ऐकतं. जनजागृतीचं फळ आहे हे.”

पहाटे माणसं घमेली घेऊन माझ्या दारावरून निघाली. श्याम माझ्याकडे न बघता पुढं गेला. कुंदन मात्र थांबला आणि त्यानं हात जोडले.

“तुमच्यामुळंच झालं ताई हे.”

हो. माझ्यामुळंच झालं.