बिनभेसळ

आसगावात भैय्याजींच्या किराणा दुकानातून तेल नेताना कोणी बाटली उजेडात धरून पाहत नसे. जवसाच्या तेलात जवस आणि हळदीत हळद, ही त्या दुकानाची ख्याती होती. लाखांदूरकडची माणसं वाटेतली चार दुकानं सोडून त्यांच्याकडे येत. भैय्याजी बोलायला कडू होते, पण माल गोड होता.

या ख्यातीपायी त्यांनी सख्खा भाऊ तोडला होता. धाकटा ताराचंद बहात्तरच्या दिवाळीत दुकानात बसत होता. शेंगदाण्याचं तेल मिळत नव्हतं, म्हणून त्यानं एका पिप्यात सरकीचं तेल मिसळलं. भैय्याजींच्या नाकाला ते कळलं. त्यांनी भरल्या बाजारात अख्खा पिपा नालीत उलटा केला आणि गिऱ्हाइकांसमोर भावाला सांगितलं, की आजपासून या पायरीवर पाय ठेवायचा नाही. ताराचंदानं चूक कबूल केली होती, पण त्या दिवशी त्याचं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. थोरली बहीण सत्यवती, जिला दोघे बाई म्हणत, सासरहून आली, रडली, दोघांच्या पाया पडायला निघाली. काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर नऊ वर्षं दोघे भाऊ एकाच घरात राहून बोलले नाहीत. मधे बांबूचा कूड उभा राहिला. ताराचंद भंडाऱ्याच्या एका गॅरेजात काम शिकून आला आणि आपल्या बाजूच्या अंगणात छपरी टाकून सायकली, डिझेल इंजिनं दुरुस्त करू लागला. काही सांगायचं झालंच तर भैय्याजींची बायको लीलाबाई मधे असे. "त्याले म्हणा, इहिरीचा दोर तुटला," असं हे म्हणत. "दादाले सांगजो, मी बदलवतो," असं तो म्हणे. दोघांना एकमेकांचं ऐकू जाई, तरी लीलाबाईला दोनदा बोलावं लागे.

सत्यवती विधवा होती, मूलबाळ नव्हतं. रानापलीकडच्या लहानशा गावात नवऱ्याच्या धानाच्या दोन बांध्या धरून राहत होती. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बैलगाडीचा रस्ता चार महिने बंद. मग उरायची ती टेकडीवरून जाणारी लाकूडतोड्यांची पाऊलवाट, पाच कोसांची. एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात ताराचंदानं ठरवलं, की यंदा पावसाळ्यातही बाईकडे जायचं. नागपूरच्या भंगारातून त्यानं एक जुनी राजदूत मोटारसायकल आणली. सांगाडा एका ट्रकवाल्यानं आणून टाकला, इंजिन पोत्यात घालून एस.टी.च्या टपावरून आलं.

दोन महिने तो ते इंजिन बांधत होता. भैय्याजी कुडाच्या फटीतून पाहत. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग हळूहळू दुपारची झोप सोडून ते फटीशी बसू लागले. ताराचंदानं इंजिन उघडून एकेक तुकडा रॉकेलात धुतला आणि फडक्यावर ओळीनं मांडला. सिलिंडर भंडाऱ्याच्या लेथवर नेऊन घासून आणला, त्यात मापाचा नवा पिस्टन बसवला. जाड पुठ्ठा कातरून पॅकिंग केलं. रानातला चिखल अडकू नये म्हणून पुढचं मडगार्ड उंच चढवलं, सायलेन्सर वर वळवला, चढ निघावा म्हणून दातेरी चाक बदललं. इतकं निगुतीनं काम भैय्याजींनी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नव्हतं. पण हे सांगावं कोणाला?

एक दिवस मात्र त्यांनी भलतंच पाहिलं. ताराचंद पेट्रोलच्या डब्यात दाट तपकिरी तेल ओतत होता. मापानं ओतलं, झाकण लावलं, डबा हलवला. स्वच्छ पेट्रोल गढूळ झालं.

"जित्याची खोड," भैय्याजी लीलाबाईला म्हणाले. "आता पेट्रोलातही मिसळून राहिला."

"त्याले इचारून पाहा ना. इंजिनचं काई असन."

"मी कायले इचारू?"

त्यांनी विचारलं नाही. पण त्या आठवड्यात एस.टी.च्या ड्रायव्हरकडून पवनीच्या पंपावरचं एक डबाभर पेट्रोल मागवून दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलं. कशाला, ते लीलाबाईलाही बोलले नाहीत.

ताराचंद आषाढात एकदा बाईकडे जाऊन आला. आल्यावर कितीतरी वेळ त्याच्या छपरीतून शीळ ऐकू येत होती.

श्रावणात एका सकाळी लाकूडतोड्या निरोप घेऊन आला. सत्यवतीच्या पोटात तीन दिवसांपासून कळा येत होत्या, पाणीही ठरत नव्हतं. ताराचंद लगेच निघाला. तिला मागे बसवून आणायचं आणि थेट तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं. बाई पडू नये म्हणून कमरेला बांधायला धोतर हवं, पांघरायला घोंगडी हवी, ते घ्यायला तो घरात गेला.

तेवढ्यात भैय्याजी नऊ वर्षांत पहिल्यांदा कूड ओलांडून त्याच्या अंगणात आले. त्यांनी टाकीचं झाकण काढून पाहिलं. आत तेच गढूळ. बाईचा जीव या भेसळीवर सोडायचा? त्यांनी नळी ओढून टाकी उकिरड्यावर रिकामी केली. दुकानातला डबा आणला आणि धुतलेलं फडकं दुहेरी करून, गाळून, टाकी काठोकाठ भरली. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

ताराचंद बाहेर आला तेव्हा भैय्याजी गाडीपाशी उभे होते. हाताला पेट्रोलचा वास होता. लीलाबाई दारातून म्हणाली, "दादानं टाकी भरून देली." ताराचंदाला वाटलं, आपल्याच डब्यातून भरली असेल. त्यानं भावाकडे पाहिलं. मग त्यानं किक मारली आणि गेला.

त्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याहून बैलगाडी आली, तीत सत्यवतीचं प्रेत होतं.

परतताना टेकडीच्या चढावर इंजिन एकदम आवळलं, ताराचंदानं सांगितलं. मागचं चाक जागीच अडलं. बाईला पाठीवर घेऊन तो दोन कोस चालला, पुढे सडकेवर बैलगाडी मिळाली, पण तोवर पोटातली गाठ फुटली होती. दवाखान्यात तिनं एक दिवस काढला.

"पिस्टनची रिंग माह्याच हातानं चुकीची बसली," तो प्रत्येकाला म्हणाला.

गावाला तेवढं पुरलं. भंगारातलं इंजिन आणलं आणि बहिणीला मारलं, असं लोक चारचौघांत बोलू लागले. छपरीत येणाऱ्या सायकलीही थांबल्या. भैय्याजी मनात म्हणाले, मी तर चांगला माल भरला होता.

तेरवी झाल्यावर चार दिवसांनी श्यामलाल गुरुजी दुकानात आले. त्यांच्याकडे नवीनच घेतलेली मोपेड होती. मोबिल ऑइल ठेवता काय, असं त्यांनी विचारलं.

"ते कायले लागते?" भैय्याजी म्हणाले.

"पेट्रोलात टाकाले. आतापावेतो ताराचंद मिसळून देत होता. आता त्याच्याकडे कोणी जात नाही."

"आन नाही मिसळलं तं?"

"मंग पिस्टन कोरडा पडते, भैय्याजी. दहा-पंधरा मैलांत इंजिन आवळते. राजदूत असो का मोपेड, या इंजिनाले तेल पेट्रोलातूनच भेटते. कंपनीच्या पुस्तकात लिवलं आहे."

भैय्याजींच्या हातातला तराजू खाली टेकला. गुरुजी काय घेऊन गेले, ते त्यांना कळलं नाही.

दुकान उघडंच टाकून ते कुडापलीकडे गेले. ताराचंद रिकाम्या छपरीत बसून होता. पुढ्यात तो पिस्टन, एका बाजूनं पार ओरबाडलेला.

"टाकी मी भरली होती," भैय्याजी म्हणाले. "तुह्यं मिसळलेलं सांडून देलं. माह्या जवळचं भरलं."

"मले मालूम आहे, दादा."

"कवापासून?"

"तवाच. चढावरच. टाकीत बोट घातलं तं लगेच सुकलं. तेलाचा चिकटपणाच नोयता."

"मंग सांगितलं काहून नाही?"

ताराचंदानं तो पिस्टन उचलून फडक्यात गुंडाळला. मग म्हणाला, "बाई मांग बसली होती. तिच्या घरून निघाल्यावर तिले सांगून चुकलो होतो, का दादानं सोताच्या हातानं टाकी भरून देली. तं हासली, तशा दुखण्यात. म्हणे, भैय्या बोलाले लागला काय रे तुह्यासंग? मी हो म्हणलो. गाडी बंद पडली तवा तिनं इचारलं, काय झालं. काय सांगू तिले? म्हणलं, रिंग. दवाखान्यातही बाई सर्वायले तेच सांगत होती, माहे भाऊ बोलाले लागले म्हणून. मंग मीनं रिंगच ठेवली."

भैय्याजी जमिनीवर बसले. भावाच्या गुडघ्यावर हात ठेवायला गेले, पण तो अर्ध्यातच राहिला. ताराचंदानं तो धरला, तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून भैय्याजी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. इंजिन बरोबर बांधलं होतं, चूक माझी, टाकी मी बिघडवली. लोक मान हलवत, मीठ-मिरची घेत आणि पायरी उतरल्यावर एकमेकांना म्हणत, "पाहा, मोठा भाऊ कसा असते. धाकट्यासाठी आपल्या अंगावर घेऊन राहिला." गोमाजी पाटील तर तोंडावरच म्हणाले, "भैय्याजी, जनमभर भेसळ केली नाही तुमी. आता भावापायी खऱ्यात खोटं कायले मिसळता?"

भैय्याजींनी शपथ घेतली. बाईची घेतली. तरी कोणी मानलं नाही. ताराचंदाच्या छपरीत सायकल आली नाही, आणि भैय्याजींचं दुकान पहिल्यापेक्षा जास्त चालू लागलं.