चुन्याची रेघ

कोटाच्या बाहीवर खळीचा एक ठिपका… वाळत आलेला, कडेनं पांढुरका. परशराम तो नखानं खरवडत होता आणि खरवडण्याच्या निमित्तानं संस्थानच्या ओव्हरसियरसाहेबांकडे बघायचं टाळत होता. साहेब दारासमोर त्याच्या घराचा नकाशा उलगडून उभे होते. ठिपका आला कुठून? सकाळी शेजारचा सिद्रामआप्पा लुगड्याचा ओला ताणा गल्लीतून घाईघाईनं गुंडाळून नेत होता, तेव्हा त्याचा हात लागला असणार — "साहेब यायच्या आत उरकतो रं परशा, तुज्या कामात आमची आडकाठी नको."

ओला ताणा असा गुंडाळायचा नसतो. हे शहापुरातल्या विणकरांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहाटे सूत गल्लीभर ताणायचं, भाताची खळ पाजायची, दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत चालायचं आणि धागान् धागा सुटा वाळेपर्यंत त्याला हलवायचं नाही. मध्येच गुंडाळलं तर सूत सुताला चिकटतं आणि लुगड्याचं वाटोळं होतं. लहानपणी परशराम स्वतः वडिलांच्या समोरून कुंचा धरून चालला होता. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि तरी सकाळी दारात उभा राहून तो म्हणाला होता, "राहू द्या हो आप्पा…" — इतक्या हळू, की ते ऐकू जाऊ नये याची जणू त्यानंच काळजी घेतली होती.

परवानगीचा अर्ज माडीसाठी आहे, असं त्यानं गल्लीला सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते, माडी होतीच नकाशात. पण माडीखाली रस्त्यावर पुढे येणारा कट्टा आणि पायऱ्या… ते सांगायचं राहून गेलं. राहून गेलं? छे! चांगलं गिळलं होतं त्यानं. संस्थानच्या हद्दीपलीकडे, बेळगावच्या इंग्रजी मुलखात तो शाळामास्तर होता. तिथले, टिळकवाडीतले सोबती एकदा घरी आले, तेव्हा त्यांना ताण्याखालून वाकून यावं लागलं, एकाच्या टोपीला खळ लागली आणि तो म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडे यायचं म्हणजे लोटांगणच की!" सगळे हसले. परशरामही हसला — मोठ्यानं हसला. कट्टा झाला की इथं ताणा लागायचाच नाही, हे त्याच्या डोक्यात आलं ते तेव्हाच.

"रस्त्याचा आणखी काही वापर होतो का इथं?" साहेबांनी विचारलं. "लोकांची जुनी वहिवाट असेल तर कट्ट्याला परवानगी नाही मिळायची."

होतो म्हणावं… आजोबांच्या आधीपासून होतो… एवढंच तर म्हणायचं. पण तो तोंड उघडतोय तोवर सिद्रामआप्पाच पुढे झाला, खळीनं माखलेले हात पाठीमागे लपवून.

"न्हाय ओ साहेब. गल्ली कवाबी मोकळीच असतीय. मास्तराच्या कामाला कुनाची हरकत न्हाय."

साहेबांनी मान डोलावली. परवानगी मिळून जाईल म्हणाले, चुन्याच्या फक्कीनं कट्ट्याची हद्द आखून दिली आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

रेघ गल्लीच्या जवळजवळ मध्यावर आली होती. म्हातारा सिद्रामआप्पा तिच्याशी येऊन वाकला.

"कट्टा हितवर येनार व्हय?"

"व्हय, आप्पा." शाळेतली शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली.

आता हा चिडेल… परशराम वाट बघत होता. खरं तर त्याची तेवढीच आशा होती. चिडला असता तर भांडता आलं असतं, संस्थानचा कायदा दाखवता आला असता, रागाच्या भरात सगळं कसं सोपं झालं असतं.

"बरं दिसंल," सिद्रामआप्पा म्हणाला. "तुजा बा असता तर लई आनंदला असता." मग त्यानं भिंतीशी ठेवलेला ताणा उचलला. "ये, धर बघू ह्ये टोक. वाचंल तेवढं सूत वाचवू."

परशरामनं कोट काढला आणि टोक धरलं. हात काही विसरले नव्हते. किती ओढायचं, कुठे सैल सोडायचं, त्यांचं त्यांनाच कळत होतं. ताणा नेहमीसारखा मधोमध लागणार म्हणून तो तसा उभा राहिला, पण सिद्रामआप्पा आपलं टोक घेऊन गटाराच्या कडेकडेनं सरकू लागला — सारखा पायाखाली बघत.

"तिकडं कुठं आप्पा? कुंचा घेऊन चालायला जागा न्हाय तिथं."

"असू दे रं. हितनं गेलो तर तुजी रेघ पुसंल की."

पुसून टाकावी… नुसता पाय फिरवायचा, की झालं. परशरामनं पाऊल उचललं. अगदी त्याच इराद्यानं उचललं. पण खाली येताना ते रेघ ओलांडून पलीकडे पडलं — जपून, चुना विस्कटू नये अशा बेतानं. त्यानं खाली बघितलं. गल्लीची लाज त्याला आजवर कितीदा वाटली होती, ताण्याची वाटली होती, बापाच्या खळीच्या वासाची वाटली होती. स्वतःच्या पायाची आज पहिल्यांदाच वाटत होती. हातातलं सूत ओलं होतं आणि ते सोडताही येत नव्हतं.