नाव घेणारा डबा

मेलेली कोंबडी पायांना धरून उचलायची. पंखाला धरलं तर पंख कातडीसकट हातात येतो, आणि मग तो वास रात्रीच्या जेवणापर्यंत बोटांना सोडत नाही. मोठीला हे लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं.

मोठी म्हणजे त्या घरची थोरली सून. धाकटी कधी आलीच नाही, दीर शहरात गेला तो तिकडचाच झाला. पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरामागे पत्र्याची लांबलचक शेड, शेडमध्ये अंड्यांच्या कोंबड्या, कोंबड्यांखाली भुसा, आणि भुशात जे असायचं ते. भुसा ओला झाला की अशी वाफ सुटायची, की डोळे आधी रडायचे आणि दुःख मागाहून आठवायचं.

देवा, मला

"अगं ए! पाण्याची टाकी भरली का?"

देवा, मला एवढंच

"सूनबाई, दूध उतू गेलं की गं!"

देवा, म

खाद्याची गाडी. हॉर्न.

हे असं. मोठीला देवाशी एक वाक्य बोलायचं होतं, धड, शेवटपर्यंत. सुरुवात जमायची. पुढचं काय, ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, कारण तिथवर कोणी पोचूच दिलं नव्हतं.

एकदा जेवताना ती म्हणाली, "संध्याकाळी थोडा वेळ मला कोणी हाक मारू नका. देवापाशी बसायचंय."

नवऱ्याचा घास तोंडाशीच थांबला. गाव त्याला भोंगा म्हणायचं. तो कानात कुजबुजला तरी शेजारची म्हैस मान वळवायची.

"देवापाशी? आणि कोंबड्यांपाशी कोण बसणार? देव?"

"आम्ही कधी बसलो गं?" सासू म्हणाली. "हात कामात, तोंडात नाव. झालं."

"तोंडात घेते हो. अर्ध्यात तुटतं."

"मग जोडायचं!"

दुसऱ्या दिवशी भोंग्यानं बाजारातून डबा आणला. वायर लावली की डबा देवाचं नाव घ्यायचा. दिवसभर. न थकता.

"हे बघ. तू हात चालव, हा तोंड चालवेल. वेळही वाचला, देवही खूश!"

डबा शेडमध्येच टांगला, कारण मोठीचा दिवस शेडमध्येच जायचा. कोणी नाकात गाणारा माणूस होता आत. तेच नाव, तोच सूर, आणि ठरलेल्या जागी नाकातून ओढलेला तोच सुर्र असा श्वास. आठवड्याभरात डब्याच्या जाळीवर पिसांची धूळ बसली. धुळीवर माश्या बसल्या. माश्यांनी जे करायचं ते केलं. त्या घाणीतून देवाचं नाव पाझरत राहिलं. सासू दारातूनच, एका हातानं नाकाला पदर लावून, दुसऱ्या हातानं नमस्कार करायची.

"आमच्याकडे दिवसभर देवाचं नाव. खंड नाही!" भोंगा गाडीवाल्याला सांगायचा.

"ऐकतं कोण?"

"कोंबड्या ऐकतात की!"

मेलेली कोंबडी उचलताना मोठीला मळमळत नव्हतं. डब्याचा तो श्वास ऐकून मळमळायचं.

एका दुपारी डब्याच्या बरोबर खाली एक मेलेली सापडली. डोळ्यात मुंग्या. वर नाव चाललेलं, त्याच गोडीनं. ज्या हातानं कोंबडी बादलीत टाकली, त्याच घाण हातानं मोठीनं वायर उपटली.

गप्प.

भोंगा बाजारात. सासू झोपलेली. मोठी दुसरी रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

देवा,

कोणी हाक मारली नाही. पुढचं काही आठवलंही नाही. ती बसून राहिली, त्या वासात, कान देऊन. कोंबड्यांची कुरकुर हळूहळू बसत गेली. आणि तळातून वेगळंच काही वर आलं.

घर्र.

पलीकडच्या कोपऱ्यात. परत. मग आणखी एक, ओलं फडकं टराटरा फाडावं तसं. मागच्या खेपेचे सगळे पक्षी याच घरघरीनं गेले होते. मागच्या बांधाला खड्डा खणून पुरले, आणि कुत्र्यांनी ते उकरून अंगणात आणले होते. त्या डब्यानं कधीपासून झाकून ठेवली होती ही घरघर?

देवा, थांब जरा. आलेच.

वाक्य पहिल्यांदा पुरं झालं.

तिनं एकेक कोंबडी कानाशी धरली. घरघरणाऱ्या वेगळ्या काढून लाकडाच्या खोपटात टाकल्या, पाण्यात औषध घातलं, ओला भुसा खरवडून बाहेर फेकला. थोड्या मेल्या. बाकी शेड तगली.

"बघितलंस?" भोंगा गरजला. "डब्याची कृपा! आता दुसरा आणतो, त्या टोकाला!"

"डबा बंद होता."

"काय?"

"मी बंद केला, म्हणून घरघर ऐकू आली."

"बंद केलास? देवाला?" सासू किंचाळली.

"देवाला नाही हो. त्या नाकवाल्याला." मोठी हात धूत म्हणाली. "रोज संध्याकाळी ऐकावं लागेल. डबा बंद, बोलणं बंद, हाका बंद. नाहीतर पुन्हा खड्डा खणा."

भोंग्यानं डोकं खाजवलं. "हां, मग बस की. कोंबड्यांसाठी काय, हवा तेवढा वेळ बस."

मोठीनं त्याच्याकडे पाहिलं. बादलीत काय पडलंय ते बघताना बघायची, तसं.

त्या संध्याकाळी ती पालथ्या बादलीवर बसली. हात धुऊनही वास होताच. कोंबड्या शांत झाल्या.

देवा,

"कोणी आवाज करू नका रे!" बाहेर अंगणातून भोंगा ओरडला. "ऐकू दे तिला!"

सगळी शेड फडफडत उठली. धूळ, पिसं, घाण, सगळं तिच्या तोंडावर. मोठी बाजूला थुंकली. पदरानं तोंड पुसलं. आणि कोंबड्या परत बसायची वाट बघत तिथंच बसून राहिली.