साध्या खाण्याची रांग

काचेची नळी टेबलावर ठोकून माश्या तळाशी पाडायच्या आणि दहा सेकंदांत किती जणी रेघेच्या वर चढतात ते मोजायचं. प्रयोगशाळेतल्या या कामात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. या माश्यांच्या जनुकांत जो दोष होता, तोच तिच्या घराण्यात होता. नसा हळूहळू निकामी व्हायच्या. वडील त्यानेच अंथरुणाला खिळले. ताई सुटली, धाकटा भाऊ सापडला.

औषध अल्कोहोलमध्ये विरघळवून माश्यांच्या खाण्यात मिसळत. शेजारी खाण्यात नुसतं अल्कोहोल घातलेल्या नळ्यांची रांग असे. तिसरी, साध्या खाण्याची रांग दोन वर्षांपूर्वी ताईनेच बंद करवली होती. "इतक्याशा अल्कोहोलनं काय होतंय, सर?" कमी काम कुणाला नको असतं? सरांनी मान डोलावली. तेव्हापासून प्रत्येक औषध नापास होत होतं.

आता शोधनिबंध तपासणाऱ्या कुणा खडूसाने तिसरी रांग मागितली. ताईने बोटं मोडत ती लावली आणि आज मोजली. साध्या खाण्यावरच्या वीसपैकी सतरा चढल्या. अल्कोहोलवाल्या सहाच. निरोगी माश्यांना मात्र अल्कोहोलने काहीच झालं नव्हतं. दोष अल्कोहोलचा आणि नापास औषधं; दोन वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

"माश्या आहेत, माणसं नव्हेत," सर म्हणाले. "अजून तीनदा करू. तोवर बाहेर बोलायचं नाही."

म्हणणं रास्तच होतं. पण ताईने हातातली नळी ठेवली आणि पिशवी उचलली. भाऊ छापखान्यात दिवसभर याच अल्कोहोलने रोलर पुसायचा. बसून करायचं काम म्हणून ती नोकरी तिनेच ओळखी काढून मिळवून दिली होती. आणि या दोन वर्षांत त्याच्या हातात काठी आली होती.

ती भरदुपारी छापखान्यात पोचली. कागद उडू नयेत म्हणून खिडक्या बंद होत्या. वास नाकात बसत होता.

"काय गं, माश्यांनी हाकललं का?" भाऊ हसला.

ताईने सगळं सांगितलं, रांग बंद केल्याचंसुद्धा. माणसांचं अजून काही ठरलेलं नाही, हेही सांगितलं. भावाने हातातलं अल्कोहोलने भिजलेलं फडकं खाली ठेवलं.

"गेलेली ताकद परत येते?"

"माहीत नाही रे. मोजलंच नाही आम्ही."

"रांग चालू असती तर आधी कळलं असतं?"

"पहिल्याच महिन्यात."

"मग बंद कशाला केलीस?"

ताईला खोटं बोलवेना. "रोज तासभर लवकर सुटता यायचं."

तो तास कुठे जायचा ते भावाला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती घरी येऊन, खाली बसून, त्याच्या पायांना तेल चोळायची. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्याने काठी घेतली आणि दुसरा हात तिच्यापुढे केला.

"उठव मला," तो म्हणाला. "आधी हात धुतो."