दारातलं मशीन

सूनबाईने दुकानाची पाटी बदलली. माझ्या ‘कपडे दुरुस्ती’च्या जागी मोठाल्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लागला. अक्षरं मी उतारवयात शिकलो, तीही तिनेच कटिंगच्या टेबलावर खडूने गिरवून घेतलेली. एकेक लावत वाचलं, “बाऊ-टी-क्यू-ई.”

“बुटीक, बाबा. शेवटचे यू आणि ई बोलायचे नाहीत.”

“मग बसवलेत कशाला? बिनकामाच्या पाहुण्यांसारखे?”

“फ्रेंच शब्द आहे. इंग्रजीत आला तो शेपटीसकट आला.”

“आणि अर्थ?”

ती अडखळली. “तिकडे... दुकान.”

“अगं, ते तर होतंच की आपलं!”

हसली, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने हा घाट घातला होता. दुकान चाललं नाही, तर परत त्याच रांगेत बसून बाह्या जोडायच्या.

काचेत तिने शिवलेले झगे झळकत होते. माझं मशीन पडद्याआड गेलं होतं. फाटकी पँट दर्शनी बरी दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

दुपार झाली. लोक थांबायचे, पाटीकडे बघायचे, मग स्वतःच्या चपलांकडे, आणि पुढे जायचे. समोरचा न्हावी दारातूनच ओरडला, “आजोबा, हे कुठल्या औषधाचं नाव हो?” सून आत जाऊन इस्त्री केलेल्यालाच इस्त्री करू लागली.

मी पडदा सारला, मशीन ढकलत दाराशी आणलं आणि दुरुस्तीला आलेला न्हाव्याचाच फाटका सदरा घेऊन बसलो. दुरुस्तीवाल्याने रस्त्याकडे तोंड करूनच बसावं. सुई चालताना दिसली की माणसाला आपलं उसवलेलं आठवतं.

“बाबा, अहो काय हे!” सून दबक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या दवाखान्यातली नर्स आत आली. पर्सची चेन तुटलेली. “काका, अजून करता ना? मला वाटलं, आता बड्या लोकांचंच काम.”

“बसा हो. आत्ता देतो.”

ती कसली बसते! हात निळ्या झग्यावरून फिरू लागले. “हा कोणी शिवला?”

मी अंगठ्याने मागे दाखवलं.

झगा घालून बघणं झालं, आरशापुढे गिरक्या झाल्या, आणि निळा झगा गेला. “तुमचं बाऊटीक छान आहे हं,” नर्स जाताना म्हणाली. सूनबाईने तिला दुरुस्त केलं नाही.

दुकान आवरताना मी मशीन आत ढकलायला लागलो.

“राहू द्या तिथेच,” ती म्हणाली, आणि खाली वाकून मशीनच्या डगमगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली.