सत्तावीस नंबरची बॅग

आमच्या मोठ्या दुकानात माणूस शिरला की आधी त्याची बॅग माझ्याकडे येते. ग्राहक असो की कामगार. बॅग खुंटीला, टोकन हातात. टोकन परत आल्याशिवाय बॅग हलत नाही. कंपनीचा नियम आहे. कंपनी परदेशातली. तिचा मालक कोण ते बालाघाटात कोणाला माहीत नाही, तिचे भाव मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

मी आधी एका कापड दुकानात होतो. हे दुकान आलं, दोन वर्षांत ते बंद झालं, आणि मी इथे दाराशी उभा राहिलो. माझी बायको पुष्पलता माल लावायला लागली, मुलगी श्रुतिका बिलाच्या काउंटरवर बसली. घरातली तिन्ही माणसं एकाच शटरच्या आत. तेव्हा आम्हाला ते नशीब वाटलं.

पुष्पलताची बॅगही मी तपासायचो. बाया हसायच्या.

"गुणाकरभाऊ, घरच्या बाईची झडती काहून घेता?"

"घेऊ दे वं," पुष्पलता म्हणायची, "घरी तर माह्याकडे पाह्यत बी नाही."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोजणी असते. सकाळी सहाला यायचं, दहापर्यंत सगळा माल मोजायचा. हजेरीची अंगठ्याची मशीन मात्र दहाला सुरू होते. त्या चार तासांचा पगार नाही. माल बाहेर जाऊ नये म्हणून मॅनेजर विवेक साहेब शटरला बाहेरून कुलूप लावून निघून जातात आणि दहाला येऊन उघडतात. मागच्या दाराची किल्लीही त्यांच्याच खिशात असते.

ऑगस्टच्या मोजणीत साडेआठला पुष्पलता साबणाच्या रांगेत खाली बसली. म्हणाली, "छातीवर कोणी बसल्यावाणी वाटून राह्यलं."

मी साहेबांना फोन केला. ते वारासिवनीला सासुरवाडीला गेले होते. आम्ही आतून शटर बडवलं. एक दूधवाला थांबला, त्याने दगडाने कुलूप ठोकून पाहिलं. तुटलं नाही. श्रुतिका आईचे तळवे चोळत होती. साहेब आले तेव्हा पाऊण तास झाला होता. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. नर्सने तिच्या बांगड्या माझ्या हातात दिल्या, त्यांच्यासोबत सत्तावीस नंबरचं टोकन. मुठीत होतं म्हणे.

तिची बॅग दुकानात खुंटीलाच राहिली. मी ती काढली नाही.

कोणीतरी लेबर ऑफिसला अर्ज केला. मग नागपूरहून कंपनीचे एक साहेब आले. त्यांनी मला खुर्ची दिली. दुकानात मी प्रथमच खुर्चीवर बसलो.

"गुणाकरजी, झालं ते फार वाईट झालं. पण मशीनमध्ये त्यांचा अंगठा नाही. मग त्या कामावर कशा?"

"साहेब, मोजणीत कोणाचाच अंगठा नसते."

"तेच म्हणतो मी. म्हणजे कोणीच कामावर नव्हतं."

त्यांनी कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की पुष्पलता त्या सकाळी नवऱ्याला डबा द्यायला आली होती आणि शटर उघडं होतं. खाली माझं नाव, सहीसाठी रिकामी जागा.

"श्रुतिकाचं अकरा महिन्यांचं कंत्राट या शेवटच्या रविवारी संपतं," ते म्हणाले. "सही झाली की तिला पर्मनंट करू. त्या दिवशी सकाळी कागद विवेककडे द्या."

घरी श्रुतिका म्हणाली, "बाबा, करून टाका ना सही. आई वापस येणार हाय का?"

"तू होती ना तिथं?"

"हौ, होती. म्हणूनच म्हणते. मले दुसरं कोण ठेवणार? शहर में बचा क्या है?"

मी रागावलो नाही. तिचं खरं होतं. ती भांडी घासायला बसली. साबण त्याच दुकानातला होता. दुसरीकडे तो चार रुपयांनी महाग मिळतो.

रविवारी सहाला मी सगळ्यांना टोकन दिलं, श्रुतिकालाही. विवेक साहेब म्हणाले, "कागज़ लाए? और वो सत्ताईस की बैग हटाओ आज, भरवेली से नई बाई आ रही है."

"हटवतो, साहेब."

मी खुंटीवरून बॅग काढली. आत तिचा स्टीलचा डबा तसाच होता. साहेब कुलूप घेऊन बाहेर गेले. मी बॅग उंबऱ्यावर आडवी ठेवली.

त्यांनी शटर ओढलं. ते डब्यावर येऊन थांबलं. साहेब उकिडवे बसले आणि चार बोटांच्या फटीतून आत पाहू लागले.

"नीचे क्या फँसा है?"

"सत्तावीस नंबरची बॅग."

"हटाओ उसको!"

"टोकन आल्याशिवाय बॅग हलत नाही, साहेब. तुमचाच नियम आहे."

"टोकन किसके पास है?"

"पुष्पलताले दिलतं. सहा वाजून पाच मिनटाले. ती कामावर नव्हती, तर मी टोकन कोणाले दिलं?"

मागे चाळीस माणसं उभी होती. साहेबांनी फटीतून हात घातला. तेवढ्यात श्रुतिका आली, खाली बसली आणि बॅगेवर हात ठेवला.

"सर, रूल है," ती म्हणाली.

मी सही न केलेला कागद फटीतून बाहेर सरकवला.

साहेब घरी गेले नाहीत. फोनवर बोलत राहिले, मग कुलूप मांडीवर घेऊन दहापर्यंत स्कूटरवर बसले. आम्ही मोजणी केली. फटीतून माणूस निघाला नसता, पण कुलूप नव्हतं.

दहाला मशीन सुरू झाली. सगळ्यांनी अंगठे लावले. माझा लागला. श्रुतिकाचा लागला नाही. तिने अंगठा ओढणीला पुसून पुन्हा लावला. मग डावा लावून पाहिला. मागची रांग थांबली होती.

ती माझ्याकडे आली. टोकन ठेवलं. मी बॅग काढली आणि दरवेळेसारखी उघडली. कंगवा, पाण्याची बाटली, आईचा लहान फोटो.

"पाहून घ्या नीट, बाबा," ती म्हणाली.

मी पाहिलं आणि बॅग तिच्या हातात दिली. माझी ड्यूटी संध्याकाळी सहापर्यंत होती.